सहा नंबरची बाई

पाच नंबरची बाई यंत्र ढकलत फाटकाबाहेर गेली आणि आवारात एकच यंत्र उरलं. खाली बसलेल्या बायका थोड्या पुढे सरकल्या. यादीत नावं ब्याऐंशी होती.

मुखेडच्या या दुकानात बॅटरीवर चालणारं खुरपणीचं यंत्र पहिल्यांदाच आलं होतं. बायका त्याला उभं खुरपं म्हणत. दांडा धरून नुसतं चालायचं, तण खालून निघत जातं. वाकायला नको, उकिडवं बसायला नको. कंपनीनं सहाच पाठवली होती. पुन्हा कधी येतील ते दुकानदारालाही माहीत नव्हतं.

दुकानदार आनंदराज कडक माणूस. मागच्या वर्षी गड्यांनी बायकांच्या नावावर फवारणीचे पंप उचलले आणि भाड्यानं फिरवले. म्हणून यंदा त्यानं फळ्यावर खडूनं लिहूनच टाकलं होतं. नंबर जिचा, यंत्र तिच्याच हातात. नाव तीनदा पुकारू. बाई हजर नसली तर पुढचा नंबर.

भुजंग सोनटक्के भिंतीला टेकून बसला होता. मुठीत सहा नंबरची चिठ्ठी होती. चिठ्ठी बायकोची. चैतात ती एकटीच यष्टीनं येऊन नाव लावून गेली होती. स्वतःसाठी तिनं काही मागितल्याचं भुजंगला त्याआधी आठवत नव्हतं. घरी येऊन म्हणाली, "गुडघे पार गेले बघा. एक हंगाम उभ्यानं खुरपून बघते." पेरणी झाली, सोयाबीन वीतभर आलं आणि तापाचं निमित्त झालं. आठ दिवसांत सगळं आटोपलं. त्याला आता सव्वा महिना झाला होता.

सकाळी निघताना पोरगा सुदर्शन म्हणाला होता, "आरतीला संगं न्या. डोक्यावरून पदर घेतला की सून हाय का सासू, कोण बघतंय?"

भुजंग एकटाच आला.

त्याच्या शेजारी गुरम्मा नावाची बाई बसली होती. तिचा सातवा नंबर. सकाळपासून ती चिठ्ठी उलगडून बघत होती आणि पुन्हा घडी घालत होती.

"सहा नंबर!" भोंग्यातून आनंदराजचा आवाज आला. "केवळाबाई भुजंग सोनटक्के!"

भुजंगनं मान खाली घातली. कुणीच उठलं नाही.

गुरम्मा उठायला झाली आणि परत बसली. तिची नजर भुजंगच्या मुठीकडे गेली.

"मामा, सहा नंबर तर तुमच्याच हातात हाय. मामी कुठं हायत?"

"थांब जरा, बाई."

"थांबू कशी? येणार असल्या तर बोलवा त्यांला, न्हाईतर न्हाई म्हणून सांगा. माझे गुडघे काय लोखंडाचे हायत?"

"केवळाबाई भुजंग सोनटक्के!"

मागून एकजण ओरडला, "ओ पावणं! सरपंचाची बायको चाळीस नंबर घेऊन मातीत बसलीय. तुमच्या मालकिणीला काय पालखी धाडायची?"

बायका हसल्या. भुजंगनं वर बघितलं नाही. त्याचे डोळे मिटलेले होते. गुरम्माला वाटलं, म्हातारा वेळ काढून राहिलाय. बाईला आणायला कुणाला तरी पळवलं असणार. ती फाटकाकडे बघत राहिली.

आनंदराजनं माईक तोंडाजवळ धरला. "शेवटचं पुकारतो. केवळाबाई! केवळाबाई भुजंग सोनटक्के!"

आवाज रस्त्यापलीकडच्या गोदामावर आपटला आणि विरला. तो पुरता विरेपर्यंत भुजंग बसून राहिला. मग भिंतीला हात लावून उठला.

"न्हाई ती," तो म्हणाला. "वारली."

पालखीची थट्टा करणारा माणूस दुसऱ्याच्या पाठीआड झाला. आनंदराजनं माईक खाली ठेवला. त्यानं फळ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं.

"बाबा, घेऊन जा तुम्ही," तो हळूच म्हणाला. "घरात सून आसंल, तिला होईल. इथलं कुणी काही म्हणणार न्हाई."

खरंच कुणी काही म्हणालं नाही. गुरम्मासुद्धा नाही. तिनं फक्त आपली चिठ्ठी मुठीत आवळून धरली.

"म्हणतो की मी," भुजंग म्हणाला. "नंबर तिचा व्हता. माझा न्हाई, सुनेचा बी न्हाई. सात नंबर या बाईचा हाय, हिला द्या."

गुरम्मा पुढे झाली. तिनं दांडा धरला, दोन पावलं यंत्र ढकललं आणि थांबली. तिला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. यंत्र तिथंच ठेवून ती भुजंगजवळ परत आली.

"मामा, राग मानू नका. पर यंत्र घ्यायचंच नव्हतं, तर पहिल्या हाकेलाच का न्हाई सांगितलं? तीनदा पुकारू दिलं. लोकांचं काय काय ऐकून घेतलं."

भुजंगनं मुठीतली चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

"लगीन झालं तवापासून ती कुणाची सून, कुणाची माय, कुणाची काकू," तो म्हणाला. "मी बी जलमभर नुसतं 'अगं' म्हणलो. इथं तिला नावानं हाक मारणार व्हते. तेवढी ऐकायला आलो व्हतो."