नटबोल्टचं घर

बोरसी गावापुढच्या जुन्या मालगुजारी कोठीच्या, म्हणजे वडिलोपार्जित वाड्याच्या अंगणात सूनबाईने काचेचं आणि लोखंडाचं नवं घर उभं करायला घेतलं, तेव्हापासून विजयकुमारांचं मन थाऱ्यावर नव्हतं. सूनबाई गीतांजली आर्किटेक्ट. स्टील प्लांटमध्ये तेहतीस वर्षं वेल्डिंग केलेल्या सासऱ्याला तिने एका शब्दानेही विचारलं नव्हतं. ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या सांगाड्याभोवती चक्कर मारत. नवं घर कोठीच्या भिंतीला कुठेच टेकलेलं नव्हतं, मध्ये चांगली हातभर जागा सोडलेली. आणि अख्ख्या सांगाड्यात वेल्डिंगचा एक टाका नाही, जिकडेतिकडे नटबोल्ट. पुढेमागे खोलून न्यायचं असलं की असं बांधतात, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. म्हणजे ही वेगळं व्हायच्या बेतात आहे.

शेवटी त्यांनी विचारलंच. "घर टिकवायचं हाये, तर वेल्डिंग कावून नाही केली?"

"कोठी तुमच्या आजोबांची हाये, बाबा," गीतांजली म्हणाली. "तिच्या बाजूले माझं घर तुमाले नाही शोभलं, तर दोन दिवसांत खोलून टाकता येईल. कोठीले ओरखडाही नाही पडणार."

 विजयकुमार दोन दिवस नुसत्या चकरा मारत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचं वेल्डिंग मशीन खाली उतरवलं, तोंडापुढे काळी काच धरली आणि पहिल्या खांबाचे चारही नट जागच्या जागी कायमचे वेल्ड करून टाकले.