उरलेले दोन लॅपटॉप

“हातच्या काकणाला आरसा कशाला? चालवूनच बघा,” म्हणत दुकानदाराने मुलीच्या पेनड्राइव्हमधली क्लिप तिन्ही जुन्या लॅपटॉपवर उतरवली. विद्यापीठात व्हिडिओ एडिटिंग शिकायला तिला लॅपटॉप हवाच होता, नवा परवडत नव्हता, म्हणून ती वडिलांबरोबर इथे आली होती. क्लिपमध्ये आई गच्चीवर चादर वाळत घालता घालता वळायची आणि “पुरे गं आता!” म्हणून हसायची. आईला जाऊन महिना झाला होता. मुलगी फक्त चित्र कुठे अडकतं ते बघत होती. पहिल्यावर आई अडखळत वळली. दुसऱ्यावर ती आधी हसली, आवाज मागून आला. तिसऱ्यावर सगळं सुरळीत चाललं. “हाच द्या,” मुलगी म्हणाली. दुकानदार तो खोक्यात भरून सवयीने उरलेल्या दोन्हींकडे वळला. “यांच्यावरची क्लिप पुसून टाकतो.” मुलीने नुसती मान डोलावली. दाराशी उभे असलेले वडील पुढे आले. “राहू द्या हो. विकले जाईपर्यंत तरी.”