एका माईकवर दोघं

पाळकसाहेबांची प्रार्थना संपल्यावर वहिनीने दादाची गिटार माझ्या हातात दिली. "भाऊजी, शवपेटी उचलायच्या आधी तुमचं दोघांचं ते गाणं म्हणा."

साठ साली पुण्याच्या कॅम्पातल्या हॉटेलांत आम्ही दोघं भाऊ एकाच माईकवर, गालाला गाल लावून रॉक अँड रोल गायचो. दादा वरच्या सुरात, मी खालच्या. या गाण्याची रेकॉर्ड निघाली आणि गाजली. तिच्यावर त्याचं नाव आधी छापलेलं पाहून माझं डोकं फिरलं. "गाण्याची चाल मी गातो," मी त्याला सगळ्या बँडसमोर सुनावलं. "तू नुसती साथ देतोस." त्यानंतर बावीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

आता चर्चमध्ये पहिलं कडवं मी एकट्याने गायलं. सूर पक्के होते, शब्द बरोबर होते, तरी बाकांवरची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. हे ते गाणं वाटतच नव्हतं. मलासुद्धा.

दुसऱ्या कडव्याला वहिनी हळूच गायला लागली. तिच्यामागून पहिला बाक, मग सगळं चर्च, आणि गाणं एकदम ओळखीचं झालं. दोनशे माणसं गात होती आणि त्यांतला प्रत्येक जण दादाची, वरच्या सुरातली चाल गात होता. माझी एकालाही येत नव्हती.

मी शवपेटीजवळ सरकलो आणि शेवटपर्यंत नुसती साथ दिली.