प्रकट वाचन

बेल वाजली तशी श्रीनिवास सरांनी टीपॉयवरची पुस्तकं उचलली आणि सोफ्याच्या उशीमागे सारली. त्यांच्या नव्या पुस्तकाच्या या प्रती दिल्लीच्या प्रकाशकाकडून आजच कुरिअरने आल्या होत्या.

"अहो, लपवताय काय? चोरून आणलीत का?" म्हणत हेमाताई दार उघडायला गेल्या.

दारात आम्रपाली होती. महापालिकेत क्लार्क, सरांच्या जुन्या शाळेतल्या चौथीतल्या अस्मिताची आई. शेजारी अस्मिता, हातात पेढ्यांचा पुडा. स्वारगेटला बस बदलून दोघी वारज्याला आल्या होत्या. येतो म्हणून फोन आला तेव्हा नको म्हणायला सरांची जीभ रेटली नव्हती.

"सर, प्रकट वाचनात अस्मिताचा पहिला नंबर! सगळ्या मराठी शाळांतून!"

अस्मिता पाया पडली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

ही पोर त्यांनीच शाळेत आणली होती. मे महिन्याच्या उन्हात मराठी शाळांचे मास्तर पोरं शोधत दारोदार फिरायचे. पट भरला नाही तर तुकडी बंद, तुकडी बंद तर मास्तर घरी. आम्रपालीच्या नवऱ्याने, संजयने, पोरीसाठी इंग्रजी शाळा ठरवलीही होती. सर त्यांच्या घरी ठाण मांडून बसले. "मूल घरच्याच भाषेत फुलतं. तुम्ही हो म्हणेपर्यंत चहा घेणार नाही," म्हणाले. शेवटी चहा घेऊनच उठले.

आणि अस्मिता तिसरीत जाते न जाते तोच त्यांनी राजीनामा दिला, मुलांची पुस्तकं लिहायला. लोकांची पोरं नावेत बसवायची आणि आपण काठावर उडी मारायची, असलाच तो प्रकार. सरांना त्याची मनापासून लाज वाटे.

पुस्तकं मात्र चालली. मॉलमधल्या दुकानात ती दर्शनी भागात असत. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या आईबापांच्या सोसायट्यांतून सरांना गोष्टी सांगायला बोलावणी येत.

"ऑफिसात मला वेड्यात काढतात, सर," आम्रपाली म्हणाली. "त्यांची पोरं टाय लावून जातात ना! मी सांगते, आमच्या सरांचा शब्द आहे. शाळा सोडली तरी मुलांसाठीच लिहितात ते."

सरांनी हातातला पेढा तसाच बशीत ठेवला.

"तुमच्या पुस्तकासाठी अप्पा बळवंत चौक पालथा घातला. एक दुकानदार म्हणतो, बाई, लेखक गल्लोगल्ली आहेत, गिऱ्हाईक येतं त्यांचीच पुस्तकं आम्ही ठेवतो. मी म्हटलं, मग मी कोण आहे?"

हेमाताई हसल्या. सर हसले नाहीत.

"संपली असतील," ते पुटपुटले. "पुढच्या खेपेला नक्की देतो."

"हिला रोज विचारायचं असतं, सरांचं पुस्तक कधी आणणार म्हणून."

अस्मिता लाजून मागे सरकली. उशी कलंडली आणि एक पुस्तक घसरून जमिनीवर पालथं पडलं. मागच्या बाजूला सरांचा हसरा फोटो होता.

"अगंबाई, हे तर सरच!" आम्रपालीने ते उचलून तसंच लेकीच्या हातात दिलं. "वाच. स्पर्धेत वाचलंस तसं. सरांना ऐकू दे."

"अगं, आत्ता राहू दे," सर उठत म्हणाले. "दमली असेल ती."

पण अस्मिता उभी राहिली होती. पाय जुळवून, मान ताठ, बाईंनी शिकवलं होतं तशी. तिने पहिलं पान उघडलं. पतंगाचं चित्र पाहून तिचा चेहरा खुलला. मग तिने पान उलटलं. आणखी एक उलटलं. शेवटच्या पानापर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्यावर आली. आम्रपाली कौतुकाने तिच्या तोंडाकडे पाहत होती.

अस्मिताने वर्गात करतात तसं बोट वर केलं.

"सर," तिने हळूच विचारलं, "यात मराठी कुठून सुरू होतं?"