इस्त्रीची घडी

विहिरीत बुडालेल्या पोराला माती देऊन चर्चचे पाळकसाहेब घरी आले आणि नखांतली माती न धुताच जेवायला बसले. “आज प्रवचन काय रंगलं ना!” घास चावत ते बायकोला म्हणाले. वाढता वाढता तिला दफनभूमीतलं आठवलं. पोराच्या आईसमोर उभं राहून यांनी सांगितलं होतं, “हा तुमच्या पापांवरचा देवाचा न्याय आहे, बायबलातले संदेष्टेही हेच सांगून गेले.” वर रुमालही डोळ्यांना लावला होता. “संदेष्टे लोकांना देवाची शिक्षा सांगायचे तेव्हा स्वतः ढसाढसा रडायचे,” ती म्हणाली. “लग्नानंतर तुम्हीच शिकवलंत मला.” “मग मीही रडलोच की! कोटातला रुमाल धुवायला टाक तेवढा.” तिने खिशातून रुमाल काढला. सकाळी तिनेच घातलेली इस्त्रीची घडी अजून कडक होती, कोपरासुद्धा ओला नव्हता. तिने तो परत खिशात ठेवला. “कशाला धुवायचा? पुढच्या मयताला चालेल.”