मानाचं ताट

ओराझनं उकडलेल्या मेंढ्याचं मुंडकं डॉक्टर तैमास यांच्यापुढे ठेवलं, थोबाड त्यांच्याकडे वळवून. मानाच्या पाहुण्यापुढे ते तसंच ठेवतात. वर सुरी हातात दिली.

जमिनीवर जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती अर्धं गाव दाटीवाटीनं बसलं होतं. डॉक्टरांनी आधी कान कापायचा आणि घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराला द्यायचा. तो खाल्ला की पोर मोठ्यांचं ऐकतं. तोवर मांसाला कुणी हात लावणार नव्हतं. ओराझची धाकटी तोमिरिस आजीच्या मांडीवर होती आणि तिनं तळहात पुढे करूनही ठेवला होता.

"थांब गं हावरे," तिची आजी, कुलाश आपा म्हणाली. तिचा एक हात नातीच्या पाठीवर होता, दुसरा स्वतःच्या कुशीवर दाबलेला. म्हातारी वाळून निम्मी झाली होती, पण आवाज खणखणीत होता. "आधी मला बोलू दे. हे मेंढरू मी उगाच नाही कापलं. बाजारात ज्यांची तोंडं चालतात, त्यांनीही ऐकू दे."

दोघातिघांनी माना खाली घातल्या. बाकीचे हसले.

"अल्मातीच्या इस्पितळातला तो डॉक्टर, मिसरूडही धड फुटलं नाही त्याला. मला फोटो दाखवतो. म्हणे, आपा, पित्ताशय काढलं तेव्हा पोटात कापड राहिलंय. आतड्याला चिकटलंय, लगेच उघडायला हवं. मी म्हटलं, बाळा, हे पोट आमच्या तैमास डॉक्टरांनी उघडलंय. माझी सून अडली होती, तेव्हा मायलेकी दोघींना त्यांनीच वाचवलं. तो हात काही विसरत नाही. आणि आले उठून!"

"शाब्बास आपा!"

"दुखतं अजून. पण वयाचं आहे म्हणालात ना तुम्ही? मग सोसते. कापा, डॉक्टर. मुंडकं कुणाच्या पुढ्यात आहे ते बघू दे सगळ्यांना."

डॉक्टर तैमास यांनी सुरी कानाला लावली. ती पुढे सरकेना.

त्या पोरगेल्या डॉक्टरनं त्याच संध्याकाळी फोटो पाठवून त्यांना फोन केला होता. अदबीनं बोलला होता बिचारा. तुम्ही समजवा, तुमचं ऐकतील, म्हणाला होता. तेव्हा वसंतातला नौरिझचा सण होता. आता झाडांवर सफरचंदं पिकली होती. त्यांच्या इस्पितळातले वरिष्ठ म्हणाले होते, म्हातारी स्वतःच नको म्हणतेय, तुम्ही कशाला उकरून काढता? तैमास यांना ते बरंच वाटलं होतं. एवढ्या वर्षांचं नाव एका फडक्यापायी घालवायचं, हे त्यांच्या जिवावर आलं होतं. आता त्यांची कानशिलं तापली. मान वर करायची लाज वाटली.

त्यांनी सुरी खाली ठेवली.

"आपा, तो पोरगा खरं बोलला. कापड आत राहिलंय. मी विसरलो."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग ओराझ मोठ्यानं हसला. "बघा, बघा! याला म्हणतात मोठा माणूस. शहरातल्या त्या दीडशहाण्याची अब्रू राखायला स्वतःवर घेतायत!"

"खरंच की," शेजारी म्हणाला. कुणी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा वाडगा डॉक्टरांच्या हाती द्यायला बघत होतं.

"ओराझ, हसू नकोस!" तैमास ओरडले. त्यांचा आवाज चिरकला. "फोटो मी पाहिलाय. कापड माझंच आहे. आता ते आतल्या आत सडतंय. तिला उद्याच्या उद्या ने, नाही तर आई हातची जाईल तुझी!"

वाडगा तसाच अधांतरी राहिला. ओराझ उठला. त्याच्या मुठी वळल्या होत्या. आपानं त्याच्या पायजम्याला धरून त्याला खाली बसवलं.

"कधी कळलं?" तिनं विचारलं.

"नौरिझला."

"त्यानंतर मी आले होते तुझ्याकडे." एवढी वर्षं ती त्यांना अहोजाहो करत होती. "एकदा नाही, कितीदा तरी आले. दुखतंय म्हणाले. झोप लागत नाही म्हणाले."

"हो, आपा."

"तू काय म्हणालास?"

 सगळं घर डॉक्टरांकडे बघत होतं.

"वयाचं आहे, म्हणालो."

 आपानं कुशीवरचा हात काढला नव्हता. मग ओराझकडे न बघताच म्हणाली, "सकाळी गाडी काढ. अल्मातीला त्या पोराकडे जायचंय. त्याला काय काय बोलले मी! आधी त्याची माफी मागीन."

तिनं ताट स्वतःकडे ओढलं, सुरी उचलली आणि कान कापला. तोमिरिसनं पुन्हा हात पुढे केला. आजीनं तो हलकेच बाजूला सारला आणि कान डॉक्टर तैमास यांच्या तळहातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली.