अडखळता गेम

भुताचा नवा गेम तपासताना टेस्टरबाईंच्या पोटात ढवळायचं. पडद्यावर जरा वळलं की चित्र अडखळत, धक्के खात सरकायचं.

"सर, फ्रेम रेट फारच कमी पडतोय. खेळणाऱ्याला गरगरेल," त्यांनी बॉसला बजावलं.

"लोकांना काय कळतंय? जाऊ दे तसाच!"

दुसऱ्या दिवशी खेळता खेळताच त्या कीबोर्डवर भडाभडा ओकल्या. बॉस नाक दाबून धावत आला आणि त्यांनी तोंड पुसायच्या आत मोबाइल काढून फोटो घेतला. शिसारी आली त्यांना; पण चला, आता तरी याला पटलं, असंही वाटलं.

गेम बाजारात आला, तेव्हा जाहिरातीत तोच फोटो होता आणि खाली लिहिलं होतं: "इतका भयानक, की आमची टेस्टरसुद्धा घाबरून ओकली!"